चांगुणाचा कोरस

कॉलेजातली पहिली दोन वर्षं चांगुणा म्हात्रे जवळपास मुकी होती. तिला आवाज नव्हता असं नाही, उलट फारच मोठा होता. कुळगावच्या शेतात बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारत ती वाढली होती. पहिल्याच दिवशी ती "हजर मॅडम" म्हणाली आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून ती हजेरीला नुसता हात वर करायची. मी अंबरनाथ पश्चिमेची, कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

१९८७ साली आम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आलो. विषय इंग्रजी. इंग्रजीवाल्यांना शाळेत लगेच नोकरी लागते असं कुणीतरी सांगितलं, म्हणून चांगुणानं तो घेतला होता. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. तिचे वडील कमळाकर म्हात्रे भातशेती करायचे. बी.ए. झाली की लेकीचं लग्न, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी एक पेपर होता, 'जागतिक नाटक : प्राचीन ते आधुनिक'. पुस्तक विटेएवढं जाड. पहिल्याच आठवड्यात चांगुणानं ते माझ्याकडे सरकवलं.

"मालिनी, मना हे नाय जमायचं. एका ओळीत सात शब्द अडतात. आणि ही ग्रीसमधली मानसं माझी कोन लागतात?"

हा पेपर शिकवायला गिडवानी मॅडम होत्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती साडीतल्या. फाळणीनंतर आईवडिलांबरोबर त्या निर्वासितांच्या छावणीत आल्या आणि कॅम्प तीनच्या बराकीत वाढल्या. शिकवायला लागल्या की त्या खुर्चीवर बसायच्याच नाहीत. आधी इंग्रजीत सांगायच्या, मग हिंदीत, आणि तरी चेहरे कोरे दिसले तर आपल्या मोडक्या मराठीत.

जुलैतल्या एका दुपारी त्यांनी फळ्यावर मोठा गोल काढला. म्हणाल्या, "हे बघा, डोंगराच्या उतारावर लोक बसलेत. उघड्यावर, दिवसा. खाली ही गोल जागा. इथे राजा येतो, राणी येते. पण त्यांच्या आधी येतो कोरस. पंधरा माणसं, कधी गावातल्या म्हाताऱ्यांच्या वेषात, कधी बायकांच्या. ते एकत्र गातात. देवांना बोलवतात. काय झालं, काय होणार, ते सांगतात. राजा चुकला तर त्याला तोंडावर बोलतात. एक पुढे म्हणणार, बाकीचे मागून. समझ में आया?"

आमचा बाक करकरला. चांगुणा उभी राहिली होती.

"मॅडम, ही तर आमची धवलारीण!"

आवाज असा निघाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. पोरं हसली, पण चांगुणा या वेळी खाली बसली नाही. तिनं सांगून टाकलं. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. म्हातारी, मानाची बाई. ती धवले गाते. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत काय करायचं ते तिच्या गाण्यातच असतं. ती देवांना बोलावते, नवरीला शहाणपण शिकवते, नवऱ्याच्या बापालाही सोडत नाही. ती एक ओळ म्हणते आणि बाकीच्या बाया ती उचलतात. माझी आत्या बनूबाई धवलारीणच आहे.

गिडवानी मॅडमच्या हातातला खडू तसाच राहिला. मग त्या एकदम दोन बाकांमधून चालत आल्या. "सुना सबने? अडीच हजार साल आणि कुळगाव! चांगुणा, आम्हाला ऐकव ना."

"नाही मॅडम. धवले मांडवाबाहेर गात नाहीत. तुम्हीच या ना. तुळशीची लग्नं झाली की माझ्या चुलतभावाचं लग्न आहे."

त्या दिवसापासून तिला जे वेड लागलं ते मी कधीच विसरणार नाही. पुस्तक सोडून द्यायला निघालेली मुलगी रोज दहा पानं वाचायला लागली. अडलेले शब्द हातावर लिहून आणायची आणि वर्गाबाहेर मॅडमना गाठायची. संस्कृत नाटकातला सूत्रधार भेटला तेव्हा ती दोन दिवस त्याच्याबद्दलच बोलत होती. ग्रीक नाटकात खून रंगमंचावर दाखवत नाहीत, कुणीतरी धावत येऊन तो सांगतो, हे कळलं तेव्हा तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी वाकली. "कललं का तुला? बघन्यापेक्षा आयकायला जास्ती भ्या वाटतं!"

डिसेंबरात मॅडम खरोखरच कुळगावला आल्या. मांडवात खुर्ची दिली तर ती बाजूला सारून बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या. बनूबाई साठीची, उंच, हिरवं लुगडं नेसलेली. तिनं डोळे मिटून पहिली ओळ काढली आणि मागच्या बायांनी ती अलगद उचलली. मॅडमनी वही उघडली होती, पण एक अक्षर लिहिलं नाही. गाणं थांबलं तेव्हा त्या नाक पुसत होत्या.

"लहान होते तेव्हा बराकीसमोरच्या मैदानात भगत व्हायचा, आमचा सिंधी नाच-गाण्याचा खेळ," त्या आम्हाला म्हणाल्या. "एक जण गायचा, नाचायचा, मधेच थांबून गोष्ट सांगायचा, साथीदार त्याला जबाब द्यायचे. आमची घरं सिंधमध्ये राहिली, जमीन राहिली. भगत तेवढा सोबत आला."

बनूबाईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि पानाचं तबक पुढे सरकवलं. "घे बाय. तू आमच्यातलीच हायस."

तिथेच मॅडमच्या डोक्यात आलं. फेब्रुवारीत गॅदरिंग होतं. ग्रीक पद्धतीचं, पण आपल्या मातीतलं नाटक करायचं. लिहायचं चांगुणानं.

तिनं ते आठ दिवसांत लिहिलं. नाव 'तळ्याची राखण'. दुष्काळात गावचा पाटील तळ्याला कुंपण घालतो आणि पाणी फक्त स्वतःसाठी ठेवतो. गावातल्या बाया त्याला बजावतात, तो ऐकत नाही. शेवटी त्याची स्वतःचीच मुलगी लोकांना चोरून पाणी द्यायला जाते, पाय घसरून बुडते, आणि ती बातमी घेऊन एक निरोप्या धावत येतो. मुलगी मी होते. बारवी धरणाकडच्या आदिवासी ठाकूरवाडीतला आमचा वर्गमित्र देऊ निरोप्या झाला. तो वर्गात फार बोलायचा नाही, पण डोंगरातून चालत स्टेशन गाठून कॉलेजला यायचा आणि त्याच्यासारखं पळणारं दुसरं कुणी नव्हतं. पाटील मात्र मिळता मिळेना. शेवटी कॅम्पातल्या एका कापडवाल्या सिंधी घरातला मुलगा तयार झाला. "पाणी माजा हाय!" असं तो ओरडला की आम्ही सगळे हसून लोळायचो.

कोरस कुणाचा, याबद्दल चांगुणाला शंकाच नव्हती. खरोखरच्या बाया हव्यात, आणि पुढे बनूबाई.

बनूबाईनं चुलीवरची भाकरी उलटली आणि वर न बघता म्हणाली, "धवला काय तमाशा हाय? मांडवान गायाचा, देवाला गायाचा. नाटकान नाय."

चांगुणा दोन दिवस जेवली नाही. वडिलांनी बहिणीची समजूत घालून पाहिली, पण ती ढिम्म. तिसऱ्या दिवशी चांगुणा वही घेऊन तिच्या पायाशी बसली. "आते, धवले नको गाऊस. तुला वाईट वाटेल असं मी काय करनार नाय. नुसती गोष्ट आयक." तिनं अख्खं नाटक वाचून दाखवलं. मुलगी बुडते तिथे बनूबाईनं हात वर केला.

"थांब. त्या पाटलाला बाया इतकंच बोलतात?"

"मग काय बोलायला पायजे?"

"लय बोलायला पायजे!" बनूबाई सरसावून बसली. "धवला नाय गायाची मी. पन नवीन गानं बांधलं तर त्याला कोन अडवतंय? तू लिव. मी सांगते."

त्या संध्याकाळी दोघींनी मिळून चार गाणी बांधली. शब्द नवे, चालही नवी, पण श्वास त्याच बाईचा. पुढचे पंधरा दिवस म्हात्र्यांच्या अंगणात तालीम रंगली. सहा बाया भात कांडून, गुरं बांधून यायच्या आणि कुठे थांबायचं, कुठे पुढे व्हायचं ते न सांगता करायच्या. मॅडम म्हणायच्या, "यांना मी काय शिकवू? मीच शिकते आहे."

गॅदरिंगच्या दिवशी दुपारी तीनला आमचा नंबर होता. हॉल खच्चून भरलेला. पडदा उघडायला दोन मिनिटं असताना वीज गेली. हॉलला खिडक्या अशा नव्हत्याच, त्यामुळे मिट्ट अंधार. पोरं शिट्ट्या मारायला लागली, माणसं उठायला लागली. कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारे सर विंगेत येऊन म्हणाले, "माइक बंद, दिवे बंद. तुमचं रद्द करू या."

मी चांगुणाकडे पाहिलं. ती थेट पडद्याबाहेर गेली आणि तीन वर्षं दाबून ठेवलेला सगळा आवाज तिनं एकदम सोडला.

"कुणी घरी जायचं नाय! नाटक होनार! सगल्यांनी मैदानात चला! ग्रीक लोकांकडे पन वीज नव्हती!"

असा हशा आणि अशा टाळ्या की लोक खरोखरच उठून मैदानाकडे चालायला लागले. कुणी पायऱ्यांवर बसलं, कुणी भिंतीवर. मधली जागा आपोआप गोल राहिली. फेब्रुवारीचं ऊन होतं. त्या गोलात सहा बाया घेऊन बनूबाई अनवाणी चालत आली. तिनं एकदा सगळीकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली. माइकची गरजच नव्हती. रस्त्यापलीकडच्या दुकानदारांनी गल्ल्यावरून माना वर केल्या.

"पाणी माजा हाय!" असं पाटील ओरडला तेव्हा लोक हसले. पण बनूबाई त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि तिनं पहिली ओळ टाकली तेव्हा हसू बंद झालं. त्या मुलाचा चेहरा खरोखर उतरला. तो मला नंतर म्हणाला, "यार, मी ॲक्टिंग नव्हतो करत."

मी घागर घेऊन गेले. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. आणि देऊ आला. तो विंगेतून यायचा होता, पण मैदानात विंग कुठली? तो कॉलेजच्या फाटकातून, सगळं मैदान ओलांडून, जीव खाऊन पळत आला. पाचशे माणसांच्या माना वळल्या. गोलात येऊन तो वाकला, धापा टाकल्या आणि हलक्या आवाजात म्हणाला, "पाटील, तुमची पोर पान्यान गेली."

मी भिंतीआड उभी राहून स्वतःच्या मरणाची बातमी ऐकली.

शेवटचं गाणं संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. बनूबाई घाबरून चांगुणाला विचारायला लागली, "चुकलं का गं काय?" आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. मागे उभे राहिलेले कमळाकर म्हात्रे ओळख नसलेल्या माणसांना सांगत होते, "माझी पोर हाय ती. तिनं लिवलंय."

पण परीक्षा अजून बाकी होती, आणि पुस्तकाच्या शेवटच्या भागात चांगुणा पुन्हा अडली. आधुनिक नाटकात देव नव्हते, राजे नव्हते, कोरस नव्हता. दिवाणखाना, नवरा-बायको, चहाचे कप. "यात घडतं काय?" ती चिडून विचारायची. मॅडम म्हणाल्या, वाचू नकोस, बघ. मार्चमध्ये एका रविवारी दुपारी त्या आम्हाला ठाण्याला घेऊन गेल्या. बनूबाईही हट्टानं आली. नाटकात एक मध्यमवर्गीय बाई शेवटी रिकाम्या खोलीत उभी राहून बराच वेळ स्वतःशीच बोलते.

मध्येच बनूबाई कुजबुजली, "हिच्या मागं बोलायला कोनी बाया नाय का?"

"नाही आते. आता ती एकटीच असते."

"म्हून रडते बिचारी."

चांगुणा खुर्चीतून अर्धी उठलीच. मागच्या माणसानं तिला खाली बसवलं. अंधारात तिनं माझ्या कानात तोंड घातलं. "मालिनी, हेच आहे! कोरस गेला आणि मानूस एकटा राहिला. तेव्हापासून आजपर्यंतचं सगलं नाटक याच रस्त्यानं आलंय!"

हेच तिनं पेपरात लिहिलं. पुस्तकात असं कुठेच नव्हतं, म्हणून मला भीती वाटत होती. त्या पेपरात तिला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. निकालाचा कागद हातात धरून कमळाकरकाकांनी तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "याच्या पुढं पन काय असतं का?"

"एम.ए. असतं, बाबा."

"मग ते कर. लग्न काय पलून जातंय?"

एम.ए. झाल्यावर १९९२ साली ती एका कॉलेजात शिकवायला लागली. नाटकाचा पेपर मागून घेतला. लग्न केलं ते देऊशी, आणि त्यावरून दोन्हीकडे बरंच रामायण झालं, पण ती वेगळी गोष्ट. बदलापूरला हेंद्रेपाड्यात त्यांनी घर केलं. बनूबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या मागे आता सोनी म्हणून एक तरुण मुलगी धवले गाते.

काल, म्हणजे १९९८च्या या मे महिन्यात, चांगुणाचा फोन आला. तिचा आवाज फोनशिवायही बदलापूरहून अंबरनाथला पोहोचला असता.

"मालिनी, यंदा जपानी नाटक शिकवायचंय! त्यात लाकडाचे मुखवटे असतात. म्हणे मान नुसती खाली केली की मुखवटा रडतो आणि वर केली की हसतो. नुसती मान गं! देऊ अंगणात बसून पांगाऱ्याच्या लाकडातून तसा मुखवटा कोरतोय. दोन बिघडले, तिसरा जमेल. रविवारी ये. जेवून येऊ नकोस."