मुद्देमालातला आवाज

प्रताप नगरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्ड, टीसी, सातबारा, भाडेकरार, काय वाटेल ते घेऊन लोक येतात, आणि कुणी विचारलं नसलं तरी मी प्रत्येकाला सांगते, की एक कॉपी जास्तीची काढून ठेवा, बिलं फेकू नका, वेळ सांगून येत नाही. गिऱ्हाईकं मला आगाऊ समजतात, आणि मी आहेच. पण बाबांच्या आवाजाची एकही कॉपी मी काढली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी पोलिसांवर, वकिलावर आणि त्या दुकानदारावर कितीही चिडले तरी लक्षात असू द्या, की सगळ्यात जास्त मी स्वतःवर चिडलेली आहे.

बाबांची जीभ खर्ऱ्यानं खाल्ली. आमचं घराणं विणकरांचं. माग चालवताना बाबांच्या गालात खर्रा असायचा. माग बंद पडला, खर्रा मात्र राहिला. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, ती पन्नी तळहातावर चोळायची, आणि मी ओरडले की म्हणायचं, "आता पासष्टीत काय सोडू?" डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, की जिभेचा बहुतेक भाग काढावा लागेल. जीव वाचेल, बोलणं जाईल.

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक ताई होती. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ऑपरेशनला अजून दहा-बारा दिवस आहेत, तेवढ्यात यांचा आवाज भरून ठेवा. टॅबमध्ये एक अ‍ॅप असतं. त्यात चौकोन असतात, चौकोनावर चित्र असतं. चित्र दाबलं की आपणच बोललेलं वाक्य आपल्याच आवाजात ऐकू येतं. फोनवरही चालतं, पण बाबांची बोटं थरथरायची आणि नजर अधू झालेली, म्हणून पाटीएवढा मोठा पडदा हवा होता.

मी लकडगंजला एका ओळखीच्या दुकानदाराकडे गेले. त्याच्याकडे जुने टॅब असायचे. तो म्हणाला, पक्कं बिल केलं तर वर टॅक्स लागेल, ताई, तुम्ही तर घरच्याच. मग मी कच्च्या चिठ्ठीवर टॅब घेतला. चिठ्ठीवर नुसतं "टॅब एक" लिहिलेलं, दुकानाचं नावसुद्धा नाही. जगाला बिलं सांभाळायला सांगणाऱ्या बाईनं ती चिठ्ठी पर्समध्ये टाकली, आणि पुढे कधीतरी त्यावर किराण्याची यादी लिहून ती हरवूनही टाकली.

चार दुपारी आम्ही आवाज भरला. पंखा बंद, खिडक्या बंद, बाबा खुर्चीत आणि मी समोर. ताईनं वाक्यांची छापील यादी दिली होती. "मला चहा हवा आहे", "मला वेदना होत आहेत", अशी. बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, असं कोण बोलते? मग त्यांनी आपलीच वाक्यं भरली. "चाय मांड वं." "दुखून राहिलं." "पंखा बारीक कर." "काहून उशीर केला?" पाहुण्यांसाठी "या, बसा, चाय घेता का?" टीव्हीवरच्या बातम्यांसाठी एक खास चौकोन हवा म्हणाले. त्यात नुसतं "बैताड" भरलं. मी त्यावर गाढवाचं चित्र लावलं.

यादीत शेवटी "मला घरी जायचे आहे" होतं. बाबा म्हणाले, "मले घरी घेऊन चल." मधेच आवाज फाटला. मी म्हटलं, पुन्हा भरू. ते म्हणाले राहू दे, तोंड दुखते. ते तसंच राहिलं. त्यावर मी घराचं चित्र लावलं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात त्या टॅबनं माझे बाबा मला परत दिले, दुसरं काही म्हणता येणार नाही. ते भाजीवाल्याशी भांडायचे. दुकानातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की "काहून उशीर केला?" तीनदा दाबायचे. घोट घोट गार चहा प्यायला जमायला लागलं, तेव्हा "चाय मांड वं" दिवसातून आठ वेळा. मी वैतागायचे. आवाज बारीक करा, शेजारचे हसतात, असंही एकदा म्हटलं. सगळी वाक्यं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची आहेत हे मला ठाऊक होतं. दुकानात गिऱ्हाईक असायचं, घरी स्वयंपाक असायचा. रविवारी करू म्हणता म्हणता कितीतरी रविवार गेले.

मग दसरा आला. आमच्या घरी दसऱ्याला धोटा पुजतात. माग नाही, पण आडवा धागा टाकायचा तो लाकडी धोटा बाबांनी जपून ठेवलेला आहे. पाटावर धोटा मांडला, माझी कात्री आणि स्टेपलर मांडला. बाबांनी टॅब उचलून स्वतः पाटावर ठेवला, आणि मागच्या बाजूनं ठेवला, कारण पडद्यावर कुंकू कसं लावणार? मागे एक अर्धवट फाटलेलं स्टिकर होतं, त्यावर पुसट इंग्रजी अक्षरं आणि आकडे. त्या चिकटपणावर स्वस्तिक नीट उमटेना. मी खोबरेल तेल लावलं आणि जुन्या ब्लेडनं स्टिकर खरवडून काढलं. जागा लख्ख केली. मग ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बाबांनी हात जोडले. ते स्टिकर काय आहे हे वाचायचं मला सुचलंच नाही. दिवसाला शंभर कागद वाचणारी मी.

उन्हाळ्यात एका दुपारी दोन पोलीस घरी आले. एक वयस्कर हवालदार आणि एक तरुण बाई. सावनेरकडच्या एका शाळेतून मुलांना शिकायला दिलेले टॅब चोरीला गेले होते. प्रत्येक टॅबच्या पोटात एक नंबर असतो म्हणे, आणि तो नंबर शोधत ते आमच्या दारी पोचले होते. मी दुकानातून धावत घरी आले तर बाबा पलंगावर बसून त्यांचं स्वागत करत होते. "या, बसा, चाय घेता का?" टॅब बोलला. हवालदार दचकला. मग त्याला कळलं, की आपण जे न्यायला आलो ते हेच.

तो माणूस वाईट नव्हता. बिल आहे का, त्यानं दोनदा विचारलं. बिल नव्हतं. मग त्यानं टॅब उलटा केला आणि विचारलं, "इथलं स्टिकर कोणं काढलं?"

"मी काढलं. दसऱ्याले," मी म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण याला म्हणतात. शाळेच्या मालकीची खूण त्या स्टिकरवर होती. पोलीस बाईनं पंचनाम्यात लिहिलं, की सदर टॅबच्या मागील बाजूचे ओळखचिन्ह सदर महिलेने स्वतः खरवडल्याचे सांगितले, मागील बाजूस लालसर डाग. शेजारच्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या. मी विनवण्या केल्या, की यात आवाज आहे, अर्धा तास द्या, मी उतरवून घेते. हवालदार म्हणाला, "ताई, आता हा मुद्देमाल झाला. म्या एक बटन दाबलं तरी माह्यावर येईन." बाबा टॅब सोडेनात. हवालदारानं त्यांची बोटं हलकेच, एकेक करून सोडवली.

लकडगंजच्या दुकानदारानं, असा टॅब मी विकलाच नाही, म्हणून हात वर केले, आणि मी चोरीचा माल घेणारी ठरले. जामीन तिथल्या तिथे झाला, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण शहाण्याचा बाप मुका झालेला नसतो. दुकानात नेहमी येणारे एक वकील होते, त्यांनी आधी मला झापलं, की पोलिसांपुढे एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं. मग त्यांनी सुपुर्दनाम्याचा अर्ज केला, म्हणजे खटला संपेपर्यंत वस्तू आमच्या ताब्यात द्यावी असा. पण वस्तू आमची आहे हे दाखवायला कागद नव्हता, आणि शाळेनंही अर्ज केलेला. त्या शाळेचंही काय चुकलं? टॅब त्या पोरांचेच. मला टॅब नकोच होता. मला त्याच्या पोटातली बाबांची वाक्यं हवी होती, आणि असं काही मागायचा छापील नमुना कुणाकडे नव्हता.

मी नवा टॅब आणला, पक्क्या बिलासकट. त्यात मशीनचा आवाज होता. चित्र दाबलं की एक बाई शुद्ध मराठीत म्हणायची, "मला चहा हवा आहे." बाबांनी एकदा ऐकलं आणि टॅब पालथा घातला. पुन्हा हात लावला नाही. मग पाटी आणली. चौथीपर्यंत शिकलेल्या थरथरत्या हातानं "दुखते" लिहिता लिहिता दुखणं वाढायचं.

पावसाळ्यात सुनावणी लागली. वकील म्हणाले, बाबांना आणा, न्यायाधीशांना दिसू द्या. न्यायाधीश बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी मुद्देमाल मागवला. सील तोडलं, टॅब बाहेर आला, मागचं कुंकू अजून होतं. चालू होईना, चार्जिंग संपलेलं. चार्जर मी पर्समध्ये नेला होता. कारकुनानं स्वतःच्या टेबलपंख्याची पिन काढून ती जागा चार्जरला दिली. दुसऱ्यांची कामं चालू राहिली, घामानं त्याचा शर्ट भिजला आणि आम्ही पडद्यावरच्या चार्जिंगच्या हिरव्या रेघेकडे पाहत बसलो.

टॅब उजळला. बाबांनी बोटानं खूण काढून तो उघडला. सगळी चित्रं जागच्या जागी होती. न्यायाधीश बाबांना म्हणाल्या, तुम्ही हा वापरत होता ना, काहीतरी बोलून दाखवा. मला वाटलं बाबा "या, बसा" दाबतील. त्यांचं बोट चहावरून गेलं, पंख्यावरून गेलं आणि घरावर थांबलं.

"मले घरी घेऊन चल."

तोच फाटलेला आवाज. माझा फोन पर्समध्ये होता, बंद करून ठेवलेला. कोर्टात फोन बंद ठेवायचा असतो, आणि मी नियम पाळणारी बाई. तेवढं एक वाक्यसुद्धा माझ्याकडे आलं नाही.

मी उभी राहून बोलले. वकिलांनी माझी बाही ओढली तरी बोलले. टॅब ठेवून घ्या, मला शिक्षा करा, पण याच खोलीत, सगळ्यांदेखत, माझा फोन शेजारी ठेवू द्या. ते एकेक चित्र दाबतील, मी भरून घेईन. सरकारी वकील म्हणाले, चोरट्यांचा माग या टॅबमध्ये असू शकतो, तो तपासायला प्रयोगशाळेत जायचा आहे, तोवर त्याच्याशी खेळलं तर उद्या खऱ्या चोराचा फायदा होईल. न्यायाधीश म्हणाल्या, "मला कळतंय. पण अहवाल आल्याशिवाय मला तसा आदेश देता येणार नाही." अहवाल लवकर मागवते म्हणाल्या. कारकुनानं टॅब बंद करून कापडात गुंडाळला, मेणबत्तीवर लाख धरली आणि सील ठोकलं. बाबा उभे राहून ते पाहत होते. दारातून निघताना त्यांनी मागे वळून हात केला, कुणाला केला मी विचारलं नाही.

पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची पडली. गेल्या आठवड्यात बाबांच्या मानेत पुन्हा गाठ लागली. डॉक्टरांनी मला एकटीला बोलावून सांगितलं, दिवाळी निघाली तर नशीब. मी वकिलांना फोन केला. तारीख अलीकडे आणायचा अर्ज करू म्हणाले. केला. त्याची सुनावणी त्याच तारखेला ठेवली आहे.

काल दुपारी दुकान बंद करून घरी आले. काहीतरी करायलाच हवं म्हणून फोन समोर धरला आणि बाबांसारखा आवाज काढून म्हणायला लागले, "चाय मांड वं. काहून उशीर केला?" मला वाटत होतं ते झोपले आहेत. पाठीमागे पाटीवर खडू वाजला. ते लिहीत होते, मी थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी पाटी माझ्याकडे वळवली. त्यावर लिहिलं होतं, बैताड.

मी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. बाहेर आले तेव्हा ते पाटी पुसायला फडकं शोधत होते. मी ती हातातून काढून घेतली, तशीच दुकानात आणली, मशीनच्या काचेवर पालथी ठेवली आणि तिच्या तीन कॉपी काढल्या.