मासेवाल्याचं कोपर

आमची हेमा एका जागी स्वस्थ बसलेली मी फक्त आमच्या लग्नात पाहिली, तीही गुरुजींनी दटावलं म्हणून. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली आणि लगेच कॅमेरा घेतला. तेव्हापासून कसब्यात कोपऱ्यावर दूध आणायला निघाली तरी ती तांबट आळीवरून जाते आणि दूध विसरून फोटो घेऊन येते. कोऱ्या चहाची सवय मला अशी लागली.

आमचा मुलगा केयूर लिस्बनला नोकरी करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे गेलो, तर या बाईनं पोर्तुगालच्या गल्ल्या पायाखाली घातल्या. ट्रामच्या खिडकीतले चेहरे, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या बायका. मी आपला पिशवी सांभाळत मागे.

तिचा नियम एकच. फोटोत तीन माणसं नकोत. तिघांचा फोटो काढला की मधल्याचं काही खरं नसतं, हे तिच्या आईनं लहानपणीच तिच्या डोक्यात भरवलेलं. त्यामुळे केयूर, सूनबाई अवनी आणि मी, अशा आमच्या प्रत्येक फोटोत कोणीतरी उपरा आहे. एकात पोलीस आहे, एकात आइस्क्रीमवाला. "अहो, त्यांना जरा बोलवा ना," असं ती मला सांगायची. कोणत्या भाषेत बोलवू, ते मात्र सांगायची नाही.

परत आल्यावर तिच्या फोटोग्राफीच्या ग्रुपनं प्रदर्शन ठरवलं. दाराशी लावायला त्यांनी पोर्तुगालमधल्या नाझरे गावातला तिचा फोटो निवडला. बाकावर काळ्या शाली पांघरलेल्या आज्या, मागे समुद्र. मोठा करून घरी आणला, तेव्हा हेमाचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, शेजारी मासेवाला उभा होता. मी चार मोजले होते."

मासेवाला ऐन वेळी सरकला होता. आज्या तीनच, आणि कडेला त्याचं कोपर तेवढं उरलं होतं.

"कोपर धर की हिशोबात," मी म्हणालो.

मग घरात कोणालाच चैन पडेना. आमटी करपली, गॅसवर दूध उतू गेलं. या खोलीतून त्या खोलीत तिच्या येरझाऱ्या, आणि दर फेरीला त्या फोटोपाशी थांबणं. मधल्या आजीनं छातीवर हात का ठेवलाय? शाल धरलीय, मी म्हणायचो. ते तिला पटायचं नाही. "तिची खुशाली कळल्याशिवाय हा फोटो भिंतीवर चढणार नाही," तिनं ग्रुपला कळवून टाकलं. मला हसू यायला हवं होतं. पण तिची ती तगमग बघून मीही येता-जाता आजीचा तो हात चोरून बघू लागलो.

शेवटी तिनं केयूरला फोन लावला.

"आई, एका अनोळखी बाईची तब्येत विचारायला मी ऑफिस सोडून जाऊ?"

"ऑफिस कशाला सोडतोस? रविवारी जा."

रविवारी फोन हातात घेऊन ती गॅलरीतून दारापर्यंत आणि दारातून गॅलरीपर्यंत चालत होती. दुपारी एकदाचा फोटो आला. तोच बाक. दोन कडेच्या आज्या, आणि त्यांच्या मधोमध आमचा केयूर, दात काढून हसत बसलेला. मधली आजी नव्हतीच. वर तिघांत मधला आता आपलाच मुलगा. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि केयूरला लावला.

"मधली कुठाय रे?"

"बाबा, फोटो तिनंच काढलाय. मोबाइलवर आईनं काढलेला फोटो दाखवला, तर एवढी खूश झाली की उठूनच उभी राहिली. म्हणाली, तू बस माझ्या जागी, मी काढते. ठणठणीत आहे ती."

फोन ठेवला, तरी हेमा स्क्रीनकडेच बघत होती. "म्हणजे चौघं होते," ती हळूच म्हणाली. "काढणारी धरून चौघं."

मग ती मोठ्या फोटोपाशी गेली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. चौथ्या आकड्याला बोट कोपराकडे गेलं, थबकलं, आणि तिनं ते स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"अहो, इतकी वर्षं मी स्वतःला मोजलंच नाही हो."

मला भरून आलं. मी नुसती खुर्ची पुढे सरकवली. ती बसली. कोणी दटावलं नव्हतं तरी बसली.