हिरव्या झग्यातल्या बाईची ओटी

अव्वा कधी कुणाच्या दारात रिकाम्या हातानं गेल्या नाहीत. दवाखान्यात जाताना डॉक्टरांसाठी परसातली लिंबं, बँकेत जाताना शिपायासाठी शेवग्याच्या शेंगा. एकदा पासबुक घरी विसरल्या, शेंगा मात्र नाही. नवरा अव्वा म्हणायचा, म्हणून मीही सासूबाईंना अव्वाच म्हणे. आमचं घर कोल्हापुरात, कसबा बावड्याला. पण त्या मला खऱ्या कळल्या लंडनमध्ये.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिथं होतो. मला सातवा महिना होता. आधीचं बाळ सातव्यातच गेलेलं, त्यामुळे मी पार धास्तावले होते. सासऱ्यांना बावड्यात म्हशींजवळ ठेवून अव्वा बाळंतपणासाठी आल्या. आल्या आल्या मी सांगून टाकलं, "बाळ हातात येईपर्यंत ओटी नको, डोहाळजेवण नको, काही नको."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

घरात बसले की माझ्या मनात नको नको ते येई. म्हणून दुपारी त्या मला बाहेर काढत. आम्ही जायचो युरोपातल्या जुन्या चित्रांच्या संग्रहालयात. तिथं तिकीट नव्हतं, ऊब होती, बसायला बाकं होती. "फुकट दाखवत्यात बिचारी," म्हणत अव्वा दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवत. पुढे पुढे तो पिशवी कमी आणि डबा जास्त तपासू लागला.

आत कुणी मोठ्यानं बोलत नसे. अव्वांचा आवाजही तिथं खाली येई, हे बावड्यात कुणाला सांगून पटायचं नाही. सोनेरी चौकटींतून ढग, घोडे, मावळतीचा समुद्र सावकाश मागे सरकत. मला अर्धवट झोपेत चालल्यासारखं वाटे आणि तेवढा वेळ माझी भीतीसुद्धा झोपी जाई.

एका चित्रापुढे मात्र अव्वा हटकून थांबत. हिरव्या झग्यातली एक तरुण बाई, डोक्यावर पांढरं वस्त्र, एक हात पोटावर.

"सातवा हाय," अव्वांनी पहिल्याच दिवशी निदान केलं. "हिरवं नेसलीया बघ. आन् जवळ बाईमाणूस न्हाय कुणी. हिची ओटी कोण भरणार?"

बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं, की ती गरोदर नाही. घोळदार झगा असा वर उचलून धरायची त्या काळी रीतच होती. मी ते अव्वांना वाचून दाखवलं नाही.

एका दुपारी अव्वांच्या पिशवीतून नारळ निघाला. मग तांदूळ, खण, हळकुंड. त्यांनी दोरीपलीकडे हात नेताच दालनावर देखरेख करणारी बाई खुर्चीवरून उठली.

"हात लावत न्हाय ओ पावणं!" अव्वांचा मूळचा आवाज अख्ख्या दालनात घुमला. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोळे भरून आले होते. "हिच्यापातुर हात पोचंना माजा. हिच्या नावानं तू घे की."

मी ओढणी पसरली. ओंजळीतले तांदूळ पडू लागले तसं बाळ आतून हललं. कितीतरी महिन्यांनी मी न घाबरता रडले.

मुलगी झाली. आता आम्ही बावड्यालाच असतो, ती शाळेत जाते.

गेल्या वर्षी अव्वा अंथरुणाला खिळल्या. शेवटी शेवटी त्यांची झोप आणि जाग एकमेकांत मिसळून गेली होती. जाण्याच्या आदल्या दुपारी मला जवळ बोलावून म्हणाल्या, "त्या हिरव्या झग्यातल्या पोरीचं काय झालं गं? मोकळी झाली न्हवं?"

"झाली अव्वा. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

त्यांचा चेहरा निवला. डोळे मिटूनच म्हणाल्या, "मग जाऊन ये की बघायला. पर रिकाम्या हातानं जाऊ नगंस."