पेसूकाकांची उलटी टोपी

आधीच सांगते, मी अंबडला एका कंपनीत पर्चेस डिपार्टमेंटला आहे. तीन कोटेशनं समोर असल्याशिवाय मी साधा स्टेपलर घेत नाही. भूतखेत, अंगात येणं, दाराला लिंबू-मिरची... या सगळ्याची मला चीड आहे. असे अनुभव वाचून मी नवऱ्याला म्हणायचे, लोकांना कामधंदे नाहीत. आणि आता मीच लिहायला बसलेय. असो.

नाशिक रोडला आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. लिफ्ट गणपतीपासून बंद, सोसायटीच्या मीटिंगा मात्र चालू. माझे वडील, अण्णा, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. सरकारी नोकरीतून रिटायर. दारू नाही, सिगरेट नाही. एकच नाद — घोडे. नाशिकला रेसकोर्स नाही म्हणून काही अडलं नाही. पावसाळाभर अण्णा पुण्याची गाडी पकडायचे. आईला सांगायचे, बहिणीकडे चाललोय. आणि ते खरं वाटावं म्हणून मला बरोबर न्यायचे.

त्यामुळे मी फ्रॉक घालायच्या वयात रेसकोर्स बघितलाय. काय एकेक नमुने होते तिथे. एक ओझरचे गृहस्थ रेस सुटायच्या आधी हिरवी मिरची कचाकचा चावायचे. घाम फुटला तरच आपला घोडा येतो म्हणे. एक दाढीवाले चाचा कानात टिप द्यायचे, प्रत्येकाला वेगळा घोडा. म्हणजे कोणीतरी एक जण नंतर येऊन पाया पडणारच. आणि या सगळ्यांच्या मधोमध पेसूकाका. अण्णांचे पारशी बुकी, म्हणजे घोड्यांवर पैसे लावून घेणारे. पांढरी पॅंट, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी. स्टुलावर उभं राहून घसा फोडून घोड्यांचे भाव ओरडायचे आणि मधेच वाकून मला पेपरमिंट द्यायचे. "डिकरी, तुज्या बापाला घरी घेऊन जा," म्हणायचे. "माज्या धंद्याची काळजी तू नको करू."

त्यांची एक पद्धत होती. एखादा घोडा येणारच अशी खात्री झाली की त्याच्यावर पैसे घेणं ते बंद करायचे, आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर उलटी ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. टोपी उलटी, म्हणजे विषय संपला. अण्णा म्हणतात, ती टोपी कधी चुकली नाही.

तर आता मुद्द्यावर येते. मागच्या दिवाळीनंतर अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले बायपास करा, आणि लवकर करा. अण्णांनी विचारलं, "भाव काय?"

डॉक्टर बिचारे बघतच राहिले. मी म्हटलं, वाचायचे चान्सेस विचारताहेत. ते म्हणाले, उत्तम आहेत, अजिबात घाबरू नका.

"घोड्याचा मालक आपल्या घोड्याला कधी वाईट म्हणतो का?" अण्णा मला म्हणाले. "पेसूला विचार. तो म्हणेल तसं करू."

आणि आपल्या जबाबदारीवर सही ठोकून घरी. वर न्यायला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. पुढे रोज ते उठता-बसता धापा टाकताना दिसायचे. मला रडू यायचं आणि संतापही यायचा. एवढं एकच माणूस उरलंय मला माहेरचं, आणि ते हट्टापायी जाणार.

शेवटी पुण्याला ओळखीओळखीतून नंबर काढला. फोनवर पेसूकाकांची भाची होती. म्हणाली, "अंकल तर कोरोनाच्या आधीच गेले."

हे अण्णांना कुठल्या तोंडाने सांगणार? मी चक्क थाप मारली. म्हटलं, "बोलले मी काकांशी. ते म्हणाले, बिनधास्त करा, भाव एकदम चांगला आहे."

"फोनवर म्हणाला?"

"हो, मग काय."

"पेसूनं जन्मात कधी फोनवर भाव दिला नाही. भाव मैदानात, समोरासमोर. फोनवर देतात ते चोर." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता काय करायचं सांगा. माणूस जायला टेकलंय, आणि नियम पाळायचे कुणाचे, तर बुकीचे.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. समोरच्या रुबीनाभाभींकडे आमची किल्ली असते, त्या दुपारी लक्ष ठेवतात. संध्याकाळी चार जिने चढून आले, तर अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. पायाशी बॅग.

"किती उशीर? दवाखान्यात फोन कर."

"आता काय झालं?"

"पेसू येऊन गेला."

टीपॉयवर चहाचे दोन कप होते. आणि अण्णांची कानटोपी... उलटी, वाटीसारखी ठेवलेली.

"स्वतःची आणली नव्हती त्यानं," अण्णा म्हणाले. "माझीच काढून घेतली डोक्यावरची."

म्हटलं, संपलं, डोक्यावर परिणाम झाला. तशीच समोर गेले. भाभी मेथी निवडत होत्या. "हां ताई, पारशी बाबा आले होते ना," त्या सहज म्हणाल्या. "सफेद पॅंट, गळ्यात दुर्बीण. मीच चाय करून दिली. लिफ्ट बंद म्हणून किती बडबडले. चार माळे चढून माणूस मरून जाईल म्हणे."

म्हणजे मेलेला माणूस भर दुपारी येऊन आमच्या लिफ्टला नावं ठेवून गेला. भाचीकडून फोटो मागवला. भाभींना दाखवला. "हेच," त्या म्हणाल्या, "पण फोटोत थोडे जाडे दिसतात."

ऑपरेशन झालं. आत नेताना अण्णा वॉर्डबॉयशी गप्पा मारत होते. सगळं नीट पार पडलं.

घरी आल्यावर, ते जरा हिंडू-फिरू लागल्यावर मला राहवेना. म्हटलं, "अण्णा, चिडू नका. पेसूकाकांना जाऊन वर्षं झाली."

ते मोसंबी सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे. पेपरात आलं होतं."

"मग मला कशाला पळवलंत त्यांच्यामागे?"

"अगं, जिवंत बुकीला नुसता अंदाज असतो. तिकडच्या यादीत माझं नाव लागलंय की नाही, ते तिकडे असलेल्यालाच कळणार ना." आणि अर्ध्या फोडी माझ्या हातावर ठेवल्या.

नवरा म्हणतो, दुसरंच कोणीतरी येऊन गेलं असणार. भाभी म्हणतात, फोटोतलेच बाबा. अण्णा म्हणतात, पेसू होता, विषय संपला. तीन कोटेशनं आली, आणि मला एकही पास करता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा. पण देवाधर्माचं नको.

ती कानटोपी टीपॉयवर अजून तशीच आहे, उलटी. थंडीत अण्णा मागायला लागले तेव्हा मी त्यांना नवी आणून दिली. झाडू-पोछावाल्या मावशींना सांगून ठेवलंय, बाकी काय हलवायचं ते हलवा, तिला हात लावायचा नाही.