पाटावरची कुमारिका

समाजशास्त्र शिकवते म्हणून मुली मला विचारतात, मॅडम, कॉलेजात ग्रुप नेमके बनतात कसे? पुस्तकात उत्तर तयार आहे: समान भाषा, समान राहणीमान, रोजचा सहवास. मी ते फळ्यावर लिहून देते, परीक्षेत त्याला मार्कही देते. मनातून मात्र मला त्या उत्तराचा राग येतो.

माझा स्वतःचा ग्रुप दोघींचा होता. महूहून बसने येऊन मी शहरातल्या विजय नगरच्या एका कॉलेजात दाखल झाले, तेव्हा वर्गात सगळीकडे हिंदी. पहिल्याच आठवड्यात मी घरच्यांशी फोनवर बोलत होते, तर मागून एक मुलगी जवळजवळ ओरडलीच, "अगं, तू मराठी आहेस? बताया क्यों नहीं, यार!" ती अन्नपूर्णा भागात राहायची. पणजोबा इथल्या जुन्या संस्थानच्या दरबारात कारकून होते, हे कौतुकानं सांगायची. त्या दिवसापासून आम्ही एका बाकावर. इतरांना कळू नये असं सगळं आम्ही मराठीत बोलायचो आणि खुसूखुसू हसायचो. तिच्याशिवाय त्या कॉलेजात माझं कोणी नव्हतं. मी मराठी आहे एवढ्यावर तिचं समाधान झालं होतं. पुढचं तिनं कधी विचारलं नाही.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत एकदा तिनं मला वर्गाबाहेर गाठलं. "सुन ना, आज घरी जेवायला चल. एक मुलगी येणार होती, तिला ताप आलाय. आई म्हणाली, कोणी मराठी मुलगी असेल तर घेऊन ये."

आमच्या घरी बुद्धवंदना होते, महालक्ष्म्या बसत नाहीत. पण मैत्रिणीच्या घरचं जेवण म्हटल्यावर मी तिच्या स्कूटीवर बसले.

गेल्यावर कळलं, मला कुमारिका म्हणून बसवायचं होतं. सजवलेल्या महालक्ष्म्यांसमोर पाट होता, पाटाशी पाय धुवायला परात. मी "नको" म्हणेपर्यंत तिच्या आईनं खांद्याला धरून मला बसवलंही आणि पाय परातीत ठेवायला लावले. त्या तांब्या घेऊन माझ्यासमोर खाली बसल्या. एवढ्या मोठ्या बाईनं आपले पाय धुवायचे, मला फार अवघडल्यासारखं झालं.

"महूची ना तू, बेटा?" त्या म्हणाल्या. "मग घरात कोणी फौजेत असेल."

"आजोबा होते."

"अच्छा! कुठल्या पलटणीत?"

पुढं काय होणार ते मला तेव्हाच कळलं. दुसऱ्या एखाद्या पलटणीचं नाव सांगता आलं असतं. पण आजोबांचा गणवेशातला फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे, आणि मला त्या फोटोचा अभिमान आहे. मी खरं नाव सांगितलं. त्या पलटणीच्या नावातच आमची जात आहे, वेगळं काही सांगावं लागत नाही.

तिरपा झालेला तांब्या सरळ झाला. मी पाय मागे घेतले नाहीत. मनात एकच चाललं होतं, आता माझी मैत्रीण काहीतरी बोलेल. ती शेजारीच उभी होती, हातात हळदीकुंकू घेऊन.

"पाणी गार झालंय, बदलून आणते," म्हणत तिची आई उठून आत गेली. तिच्या हातातल्या तांब्यातून वाफ निघत होती.

मग आतून मैत्रिणीला हाक आली. कुजबुज ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. मी एकटीच पाटावर. पुरणाचा वास सुटला होता आणि मला सपाटून भूक लागली होती. त्या भुकेची लाज वाटली, मग लाज वाटल्याचा संताप आला.

मैत्रीण बाहेर आली ती माझी बॅग घेऊन. मला अजूनही वाटत होतं की ही म्हणेल, चल, आपण दोघी राजवाड्याच्या बाजारात जाऊन काहीतरी खाऊ. तिनं बॅग जमिनीवर ठेवली. तिचे डोळे भरले होते.

"यार, तू मला आधी सांगायचं होतंस ना."

"काय सांगायचं होतं?"

तिला ते तोंडानं म्हणता येईना. मी वाट पाहिली. तिनं ते म्हणावंच, असं मला वाटत होतं.

"पाय काढ ना," ती रडत रडत म्हणाली. "आईनं समोरच्या मारवाडी आंटींच्या मुलीला बोलावलंय. परात हवीय."