उजवा कौल

आमच्या वैनी कुठलीही गोष्ट दोनदा बोलायच्या नाहीत. माझ्या थोरल्या जाऊबाई त्या, वय सव्वीस. दारात कोळीण आली की बांगड्यांचा एकच भाव सांगायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. कोळीण हाका मारून दमायची आणि त्याच भावाला देऊन जायची. "एकदा इचारायचा, एकदा ऐकायचा. दुसऱ्यांदा इचारतो तो लबाड," असं मला म्हणायच्या.

तीस सालाच्या आसपासची गोष्ट. शिमगा झाला आणि न्हाताना त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. सासूबाई म्हणाल्या, दूध साकळलं असेल. पोर चार वर्षांचं, अंगावरचं कधीच सुटलेलं, दूध कुठलं साकळायला? तरी लेप झाले, नजर काढून झाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मात्र स्वच्छ सांगितलं, पावसाआधी मुंबईला न्या, कापून काढायला हवी. पावसात आगबोटी बंद, त्या नारळी पुनवेनंतर सुरू व्हायच्या. कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. 'पावसाआधी' हा शब्द सगळ्यांना कळत होता.

वैनींचा नवरा मुंबईला गिरणीत, घरात शब्द मामंजींचा. ते म्हणाले, देवीला कौल लावू. गुरवाने मूर्तीला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. उजवी पडली, सगळ्यांच्या देखत. वैनींनी घरी येऊन बोचकं बांधलं.

पण मामंजींना भाताच्या लावणीची काळजी. कामाचे दोन हात कमी होणार होते ना. चार दिवसांनी त्यांनी तोच कौल परत लावला. डावी पडली. मग तिसऱ्यांदा विचारायची त्यांना गरज वाटली नाही.

"देवीन एकदा सांगितलान ना?" वैनी म्हणाल्या, त्याही एकदाच. बोचकं सोडून त्या लावणीला उतरल्या. गणपतीला नवरा आला आणि त्यांना बोटीने घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून परत पाठवलं. गाव म्हणाला, देवीची मर्जी. देवीची मर्जी उजवी होती. आजही कुणी तसं म्हणालं की माझं डोकं फिरतं.

दिवाळीनंतर वैनी अंथरुणावरून उठेनात. एका दुपारी मामंजी उंबऱ्यात येऊन बसले.

"पोरी, माझ्यावर राग नाय ना?"

"हाय," वैनी म्हणाल्या.

मामंजींनी तेच पुन्हा विचारलं. वैनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"परत इचारू नका, मामंजी. मी देवी नाय."