थर्मासातलं कढत पाणी

"थर्मास कुठं ठेवू, पोरी? आज अंडाशयं अगदी ताजी आहेत, हाताला ऊब लागते अजून."

"राहू द्या, मावशी. सर म्हणाले, संशोधनाचा हा विषय तुझ्याच्यानं होणार नाही, सोडून दे."

पोरीचे डोळे सुजले होते. मावशीनं थर्मास पोटाशी घट्ट धरला.

मावशी कत्तलखान्यात आतडी धुवायची. शेळ्यांची अंडाशयं तेवढी निवडून मिठाच्या कोमट पाण्यात टाकायची आणि थर्मासातून प्रयोगशाळेत पोचवायची. पोरगी त्यांतल्या पेशी काढून काचेच्या बशीत जगवायची. या पेशींना आतून गंजासारखं काही चढतं आणि त्या खंगतात, असं तिनं एकदा सांगितलं होतं. सेलेनियम, जस्त असली खनिजं नखावरही दिसणार नाहीत इतकी थोडी दिली, तर तो गंज अडतो का, एवढंच तिला बघायचं होतं. पण मागच्या खेपेला सेलेनियम दिलेल्याही मेल्या आणि न दिलेल्याही. सरांनी खापर फोडलं ते पोरीच्या हातावर.

चूक पोरीच्या हाताची नव्हतीच.

त्या दिवशी मावशी वाटेत लेकीच्या सासरी टेकली होती. साबणानं अंग खरवडून गेली होती. तिथं सगळ्यांचा समज, की ही प्रयोगशाळेत कामाला आहे; कत्तलखान्याचं तिनं कधी सांगितलंच नव्हतं. विहीणबाईंनी थर्मासाकडं बघून, चहा आणलाय तर वाटा की, अशी थट्टा केली. मावशी म्हणाली, औषध आहे. मग बढाया मारण्यात वेळ कसा गेला कळलं नाही. थर्मासाचं बूच सैल, पाणी गार पडलं. चहाच्या टपरीवरून किटलीतलं कढत पाणी तिनं वर ओतून घेतलं. अंडाशयांच्या कडा पांढुरक्या झालेल्या दिसल्या. जन्म मांसात गेलेल्या बाईला ते कळत नाही होय? तरी तिनं बूच लावलं.

आता तिनं ते सगळं खाली मान घालून सांगितलं.

पोरीनं तिच्या हातातून थर्मास घेतला. मग हळूच म्हणाली, "पांढुरक्या कडा मलाही दिसल्या होत्या. पण म्हटलं, मावशींनी आणलंय, म्हणजे चांगलंच असणार."

त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं, असं मावशीला झालं. ती तशीच सरांच्या खोलीत शिरली.

"आपण कोण?" सरांनी विचारलं.

विहिणीपुढं गिळलेलं उत्तर आता द्यावंच लागलं. "मी कत्तलखान्यात आतडी धुते, साहेब. पोरीची चूक नाही. माल मी शिजवून आणला होता."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. पोरीला प्रयोग आजच पुन्हा लावायला सांगितलं, आणि यापुढं थर्मास दारातच उघडून आतलं तापमान मोजायचं, असंही. पोरीनं मावशीच्या देखत थर्मामीटर बुडवला. पारा बरोबर होता. तरी मावशीला वर बघवेना.

रिकामा थर्मास घेऊन ती कत्तलखान्यात परतली. पदर खोचला, नळ सोडला आणि टोपल्यातलं पहिलं आतडं उलटं करून धुवायला घेतलं.